पहिली सही झाली, आता दुसरीच्या आधी बाबा म्हणतात करार करा

सुरंगी
सोमवार, रात्री ११:४०

इतकी वर्षं रोमात (नुसतीच वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. शुद्धलेखन आणि रडगाणं दोन्ही सांभाळून घ्या.

मी पेडणे तालुक्यातली, वय २९. पणजीला पाट्टोवर एका ऑफिसात हिशेब बघते. तो सावंतवाडीचा, म्हापशाला फिजिओथेरपिस्ट आहे. आम्ही ॲपवर भेटलो. गोव्यात ॲपवर भेटणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. डिसेंबरात उघडावं तर सगळे दिल्ली-बंगळूरचे, तीन दिवसांचे पाहुणे. जूनमध्ये उघडावं तर शाळेतला मागच्या बाकावरचा, एक मावसभाऊ आणि ऑफिसातला लग्न झालेला साहेब. त्यात हा एक '७ किमी'वाला निघाला. पहिल्या भेटीला मिरामारला गेलो, तर माझ्या सातवीच्या बाई तिथे फिरायला आलेल्या. दुसऱ्या भेटीपर्यंत कळलं की त्याची सख्खी आत्या आमच्या शेजारच्या वाड्यावर दिलेली आहे. त्याचं आडनाव मला कळायच्या आधी आईला कळलं होतं.

अडीच वर्षं झाली. जातीवरून घरात दोन महिने अबोला होता, तो चवथीत आपोआप सुटला. माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळांची चौकट) बांधायला माणूस कमी पडला आणि हा शिडीवर चढला, एवढंच निमित्त.

गेल्या मंगळवारी पहिली सही केली. महाराष्ट्रातल्यांसाठी सांगते. आमच्याकडे रजिस्ट्रारसमोर दोनदा जावं लागतं. आधी 'आम्हाला लग्न करायचं आहे' असं दोघांनी लिहून द्यायचं, ती पहिली सही. मग नावं फलकावर लागतात. कोणाची हरकत आली नाही तर काही दिवसांनी पुन्हा जाऊन दुसरी सही, आणि कायद्याने लग्न तेव्हा. मधल्या दिवसांत तुम्ही एकमेकांचे कोण, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. आमच्या नोटिशीचा फोटो मात्र त्याच संध्याकाळी वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली सत्तावीस जोडलेले हात आणि एक केक.

आता अडचण. गोव्यात लग्न झालं की नवराबायकोची सगळी मालमत्ता समाईक होते. बाबांची काजूची बाग आणि वरचं भाट (बागायत) आहे, आम्ही दोघी बहिणी. मोपाला विमानतळ झाल्यापासून त्या डोंगरउताराला काय भाव आलाय ते विचारू नका. महिन्याला एखादा तरी दलाल गाडी घेऊन येतो. बाबा म्हणतात, मुलगा सोन्यासारखा आहे, पण आधी वेगळ्या मालमत्तेचा करार करा, मग खुशाल सही करा.

मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या बाबांना माझी भीती वाटते ते मी समजू शकतो. तुला काय वाटतं?"

आणि मी चार सेकंद काहीच बोलले नाही. मग "मला काही नाही वाटत" म्हणाले. पण ते चार सेकंद त्याने ऐकले. तेव्हापासून तो नीट वागतोय, अगदी नको इतका नीट. 'जेवलीस का', 'पोचलीस का'. पूर्वी भांडायचा तरी.

करार मागणं म्हणजे अविश्वास का? अनुभवी लोकांनी सांगा. वकिलांची फी मी देणार आहेच, त्याबद्दल नको.


डोंबिवलीफास्टनव्हे
मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, आमच्याकडे लग्नाआधी फक्त बस्त्याचा आणि हॉलचा करार होतो. तो मात्र दोन्ही बाजू प्राणपणाने पाळतात.

(हलके घ्या.)


कायद्याचं_बोला
मंगळवार, सकाळी ९:३०

फी देणार आहातच, तरी बाकीच्यांच्या माहितीसाठी. हा कायदा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. गोव्यात ती १८७० पासून लागू झाली आणि १९६१ नंतरही चालू राहिली. लग्नाआधी करार केला नसेल तर सर्वसाधारण समाईकत्व धरलं जातं. आधीचं, नंतरचं, वारशाने आलेलं सगळं एका परड्यात, आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. जमीन-घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं तर दोघांच्या सह्या. नावावर एकाच्याच असलं तरी.

करार करायचा तर लग्न पूर्ण होण्याआधी, नोंदणीकृत दस्ताने. एकदा लग्न झालं की पद्धत बदलता येत नाही. 'आधी सही करू, करार पुढे बघू' म्हणणारे दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात. त्यांना सांगावं लागतं की पुढे काही उरत नाही.

धाग्यात दोनच टोकं दिसतायत, म्हणून हेही सांगतो. तिसरी वाट आहे. आपापलं आधीचं आणि वारशाचं ज्याचं त्याच्याकडे, लग्नानंतर मिळवाल ते समाईक. बरेच जण हीच निवडतात आणि घरी 'वेगळी मालमत्ता' असं सांगून वडिलांना खूश ठेवतात.

अविश्वासाचं उत्तर संहितेत नाही.


तिसरी_घंटा
मंगळवार, सकाळी १०:१२

पहिल्या सहीवरून एक पोटतिडिकेने सांगते. माझ्या मामेबहिणीने पहिली सही केली, मग देवळाच्या सभागृहात लग्न, साडेचारशे माणसांचं जेवण, मंगळसूत्र, सगळं रीतसर. दुसरी सही 'जाऊ कधीतरी' म्हणून राहिली. त्याला सुट्टी मिळेना, मग चतुर्थ आली, मग तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात तो माणूस घर सोडून गेला. ही बाई गावासाठी सवाष्ण आणि कागदावर अविवाहित. वर्तमानपत्रांत अशा बातम्या अधूनमधून येतात, तरी आपल्या घरी तसं होईल असं कोणालाच वाटत नाही.

सुरंगी, करार कर किंवा नको करू, पण दुसऱ्या सहीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिही.


कायद्याचं_बोला
मंगळवार, सकाळी १०:४०

@तिसरी_घंटा, अशा बायका अगदी निराधार नसतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण आहे. बहिणीने वकील गाठला नसेल तर गाठू द्या. पण अर्ध्या वाट्याचा हक्क दुसऱ्या सहीनेच येतो, हे खरंच.


सदाशिव_पेठी
मंगळवार, दुपारी १२:२०

प्रेम, करार, अर्धा वाटा, चार सेकंद. आमच्या पिढीला हे सगळं लिहून काढायला लागलं नाही, तरी संसार झाले. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीची पावती हवी. मुलगा बाहेर पडला तर बरंच झालं म्हणेन मी. ज्या घरात चौकशी विमानतळापासून सुरू होते तिथे जावयाने काय करायचं?


आबोली
मंगळवार, दुपारी १२:५१

@सदाशिव_पेठी, तुमच्या पिढीचे संसार झाले कारण बायकोच्या नावावर काही नव्हतंच, मग वाटणीचा प्रश्न कुठून येणार? आणि मुलगा बाहेर पडलेला नाही. वाचून प्रतिसाद द्या.


साखळीचे_सर
मंगळवार, रात्री ९:१५

मी निवृत्त शिक्षक. इथे सहसा नाट्यसंगीताच्या धाग्यांवरच असतो, पण हा विषय माझ्या घरातून गेलेला आहे.

आमचं लग्न १९८१चं. प्रेमविवाह म्हणायचा की नाही ठाऊक नाही. ती साखळीच्या शाळेत बालवाडीला, मी हायस्कूलला. येताना एकाच बसला असायचो. बोलणं व्हायचं ते कंडक्टरमार्फत. 'सरांना सांग उद्या सुट्टी आहे.' 'बाईंना सांग मला माहीत आहे.' दीड वर्ष हा प्रकार चालला. कंडक्टरच शेवटी कंटाळला आणि त्याने माझ्या वडिलांना गाठलं. करार वगैरे शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. रजिस्ट्रारकडे सही केली तेव्हा आपण अर्धं घर देतोय किंवा घेतोय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

कळलं ते २०१०च्या सुमारास. तेव्हा आमच्या भागात खाणींचा जोर होता. ज्याच्याकडे थोडी जमीन, तो ती विकून किंवा गहाण ठेवून ट्रक घेत होता. माझ्या धाकट्या भावाने दोन घेतले होते. मीही ठरवलं. डिचोलीच्या रस्त्याला लागून वडिलांची जमीन होती, माझ्या वाट्याला आलेली. गिऱ्हाईक ठरलं, विसार घ्यायचा दिवस ठरला. वकील म्हणाला, बाईंना घेऊन या, सही लागेल. मी म्हटलं, जमीन माझ्या बापाची. तो म्हणाला, अर्धी त्यांची.

घरी येऊन तिला सांगितलं की उद्या दहाला तयार राहा. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. तिने तीनच प्रश्न विचारले. ट्रक चालवणार कोण? खाण बंद पडली तर ट्रकातून काय नेणार? आणि हे तू मला विचारतोयस की सांगतोयस?

मी चिडलो. तिने सही केली नाही. चार महिने आम्ही एका घरात पाहुण्यांसारखे राहिलो. भाऊ हसायचा, 'वहिनीला विचारून सांग' म्हणायचा.

सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या. भावाचे दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत आलं आणि बँकेची पत्रं येत राहिली. आम्ही त्याला जमेल तसं सांभाळलं. आमच्याकडे जमीन शिल्लक होती म्हणून सांभाळता आलं.

तिने एकदाही 'बघ' म्हटलं नाही. मीही कबूल केलं नाही, हे आज लिहिताना वाईट वाटतं. ती जाऊन तीन वर्षं झाली.

सुरंगी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. एक मात्र विचारतो. बाग तुझ्या बाबांची म्हणतेस. त्यांचंही लग्न गोव्यातच झालं असेल ना? मग आई काय म्हणते?


फेरीबोट
मंगळवार, रात्री ९:४०

सर ___/\___


मांडवीकाठ
मंगळवार, रात्री १०:३३

सरांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण दुसरी बाजूही येऊ दे.

माझंही समाईकच. नवरा पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडात स्विंडनला गेला. आधी दर रविवारी व्हिडिओ कॉल, मग महिन्यातून एकदा, मग मुलाच्या वाढदिवसाला. आता नंबर लागतो, उचलत नाही. निळ्या टिका येतात, म्हणजे माणूस जिवंत आहे. माझ्या आईवडिलांचं घर माझ्या वाट्याला आलं. मुलाच्या शिक्षणासाठी ते गहाण ठेवून कर्ज काढायला गेले, तर बँकेने विचारलं, नवऱ्याची सही? ज्याने त्या घराचं एक कौल बदललं नाही त्याची सही मला हवी. कोर्टात जा म्हणतात. जातेय. तारीख असली की ऑफिसात अर्धा दिवस टाकते.

सरांच्या बाईंना ज्या सहीने वाचवलं तीच माझ्या पायात अडकलीय. करार केला असता तर? माझ्या वडिलांनी सुचवलं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, की तुम्ही आमच्या प्रेमाचा अपमान करताय.


सुरंगी
मंगळवार, रात्री ११:५०

सर, मांडवीकाठ ताई, दोघांचंही वाचून झोप उडाली आहे.

सर, खरं सांगते, आईला मी विचारलंच नव्हतं. उद्या विचारते.


नारळीपाक
बुधवार, सकाळी ७:५८

गोव्यात समान नागरी कायदा आहे म्हणून देशभर कौतुक चालतं आणि इथे बघावं तर प्रत्येक घराची वेगळी तऱ्हा!


कायद्याचं_बोला
बुधवार, सकाळी ८:३०

तसा 'समान'ही पूर्ण नाही. चर्चमधल्या लग्नाची वाट वेगळी आहे. आणि १८८०च्या हिंदूंच्या रूढींच्या हुकूमनाम्यात काही अटींवर दुसऱ्या बायकोची सवलत कागदावर आहे. पहिलीला २५व्या वर्षापर्यंत मूल नसेल, ३०व्या वर्षापर्यंत मुलगा नसेल वगैरे. वापरतं कोण विचाराल तर मी एकही प्रकरण पाहिलेलं नाही.


नारळीपाक
बुधवार, सकाळी ८:४४

आणि उत्तराखंडात आता लिव्ह-इनचीही नोंदणी करायला लावतात. उद्या ॲपवर उजवीकडे सरकवलं तरी तलाठ्याचा दाखला मागतील. आणि हे सगळं करतंय कोण, तर


संमं (संपादक मंडळ)
बुधवार, सकाळी ९:००

वरचा प्रतिसाद अर्ध्यावर संपादित केला आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे मूळ विषयावर बोला.


दोघेजण
बुधवार, दुपारी १:२५

मूळ विषयावरच बोलतो.

मी आणि माझा जोडीदार ताळगावात एकत्र राहतो, नऊ वर्षं झाली. दोघेही पुरुष. शेजारच्या काकू सुरुवातीला 'भाऊ का?' विचारायच्या. आता मासे घेताना आमच्यासाठीही बांगडे बाजूला काढून ठेवायला सांगतात. त्यापुढे कधी चौकशी नाही. काकूंना सगळं कळलंय आणि काहीच कळलेलं नाही. या धोरणावर आमचं घर चाललंय.

१७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी लग्नाबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा आम्ही दोघांनी सुट्टी घेतली होती. हरलो. संध्याकाळी गाड्यावर रस आम्लेट खाल्लं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मृत्युपत्राच्या मागे लागलो. फ्लॅट माझ्या नावावर आहे. वकिलांनी सांगितलं, आईवडील हयात आहेत तोवर अर्ध्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येईल. उरलेला अर्धा कायद्याने त्यांचा राखीव. म्हणजे मी गेलो तर याला अर्धं घर मिळेल, आणि उरलेल्या अर्ध्यात माझे वडील, ज्यांनी याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

तुम्ही लोक अर्धं द्यावं की न द्यावं यावर भांडताय. भांडा, चांगलं भांडण आहे. आम्हाला ते करायला मिळत नाही एवढंच.


आबोली
बुधवार, दुपारी १:४०

दोघेजण, काय बोलू सुचत नाही. काकूंना नमस्कार सांगा.


सदाशिव_पेठी
बुधवार, दुपारी ३:१०

कालचा प्रतिसाद घाईत लिहिला होता. आमच्या मुलीचा घटस्फोट गेल्या वर्षी झाला. हिंदू विवाह कायद्यात अर्धा-बिर्धा वाटा नसतो, पोटगीसाठी अर्ज करायचा आणि कोर्ट देईल ते घ्यायचं. अकरा वर्षं दोघांनी मिळून हप्ते भरलेलं घर एकट्या नवऱ्याच्या नावावर होतं. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा, किराणा, शाळेची फी, गॅस हिच्या खात्यातून. हिच्या पैशाचा एकही कागद नव्हता. पावती हवी म्हणून तुम्हाला हिणवलं, ते मागे घेतो.


फेरीबोट
बुधवार, सायंकाळी ६:०२

वातावरण जड झालंय, म्हणून एक अवांतर. दोना पावलाच्या त्या पांढऱ्या पुतळ्याला पर्यटक अजून प्रेमी युगुल समजून हात लावतात. गाइड ठोकून देतात की ही दोना पावला, हा तिचा कोळी प्रियकर, घरच्यांनी विरोध केला म्हणून हिने समुद्रात उडी घेतली. ते शिल्प १९६९चं, एका जर्मन शिल्पकर्तीने केलेलं, नाव 'इमेज ऑफ इंडिया'. एक पूर्वेकडे बघतो, एक पश्चिमेकडे. मी कॉलेजात असताना माझ्या तेव्हाच्या तिला तिथे नेऊन ही सगळी माहिती दिली. ती म्हणाली, तुला घरी सोडू का?


तिसरी_घंटा
बुधवार, सायंकाळी ६:१५

बरोबर केलं तिने.


सुरंगी
बुधवार, रात्री १०:४८

आईला विचारलं. बाबा देवळात मीटिंगला गेले होते. आई मागच्या पडवीत आमसुलं उलटी घालत होती. मी सगळं सांगितलं, चार सेकंदांसकट. तिचं ऐकून झालं आणि ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी माझ्याशी कसला करार केला होता?"

मी म्हटलं, कसलाच नाही.

"माझ्या माहेरून काय आलं होतं?"

काहीच नाही. आजोबा कुळाची जमीन कसायचे, त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतंच.

"मग तेव्हा अर्धी बाग माझी झाली, तेव्हा कोणाला भीती नाही वाटली. मी घेऊन कुठे जाणार होते?" एवढं म्हणून तिने ताट उन्हाच्या कडेला सरकवलं. उन्ह कसलं, संध्याकाळ झाली होती, हाताची सवय. मग म्हणाली, की चौदा साली बाबांना खालचा तुकडा विकायचा होता, तेव्हा तिला म्हापशाला नेऊन बाकावर बसवलं होतं. कागद पोर्तुगीज-इंग्रजीत, तिला कोणी वाचून दाखवला नाही. तिने सही केली. त्या तुकड्यावर आता एक व्हिला आहे, निळी टाकी दिसते आमच्या विहिरीवरून. "त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. विचारलं नाही, म्हणून सही केली."

मला वाटत होतं प्रश्न माझा आणि त्याचा आहे. किंवा त्याचा आणि बाबांचा. आईचं अर्धं मी धरलंच नव्हतं, आणि मी दिवसभर हिशेबच बघते.

तिने करार कर किंवा करू नको असं काहीच सांगितलं नाही. जेवायला वाढलं.


साखळीचे_सर
बुधवार, रात्री ११:२०

सुरंगी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.


कायद्याचं_बोला
गुरुवार, सकाळी ९:०५

एक व्यावहारिक सूचना. दस्त कुठल्याही पद्धतीचा असो, सही करणाऱ्या प्रत्येकाला तो त्याला कळणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या ऑफिसात मी हे कोकणीत करतो. दर वेळी कोणीतरी मधेच 'म्हणजे?' विचारतं, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते.


सावंतवाडीचा_तो
गुरुवार, रात्री १०:१०

खातं आजच उघडलं. लिंक आत्याने पाठवली. तिला कोणी पाठवली ते विचारू नका, पेडणे तालुका आहे.

सगळा धागा वाचला. मशीनच्या पट्ट्या लावून दोन पेशंट झोपले होते, तेवढ्यात सुरुवात केली आणि तिसऱ्याला वीस मिनिटं जास्त झोपवून ठेवलं.

मला करार चालतो. पहिल्या दिवशीही चालत होता. माझ्याही घरी दोन बहिणी आहेत आणि आईने मला परवा हळूच विचारलं, आपलं सावंतवाडीचं घर आता अर्धं त्यांचं होणार काय रे? म्हणजे भीती दोन्हीकडे सारखीच शिजतेय.

मला लागलं ते करारामुळे नाही. 'तुला काय वाटतं' विचारलं, तर तिने मला बरं वाटेल ते उत्तर शोधलं. ती चार सेकंद शोधत होती. 'भीती वाटते' म्हणाली असती तर मी म्हटलं असतं मलाही वाटते, आणि आम्ही जेवायला गेलो असतो.

आणि मी नको इतका नीट वागत होतो हे खरं आहे. भांडायला आलो की ती आधी पाण्याचा तांब्या देते, मग भांडता येत नाही.


डोंबिवलीफास्टनव्हे
गुरुवार, रात्री १०:१२

आईशप्पथ.


आबोली
गुरुवार, रात्री १०:१५

मी पॉपकॉर्न ठेवून दिले आहेत. हे आता तुम्ही दोघं फोनवर बोला.


सुरंगी
गुरुवार, रात्री १०:१७

बोलतोय. तो लाइनवर आहे आणि हे टाइप करताना ओरडतोय.


मांडवीकाठ
शुक्रवार, सकाळी ७:३०

ओरडतोय हे वाचून बरं वाटलं गो. माझा कधी ओरडला नाही.


सुरंगी
तीन आठवड्यांनी, गुरुवार, दुपारी २:२०

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून धागा वर काढतेय.

आज दुसरी सही झाली. सकाळी दहाची वेळ होती, ऑफिसातली वीज गेली, सव्वाबाराला आली. तोवर आम्ही सगळे बाहेर जांभळाच्या सावलीत. बाबा आणि त्याची आई एका बाकावर बसून दोन तास जमिनीच्या भावावर बोलत होते. इतकी एकवाक्यता मी दोन घरांत आजवर पाहिली नव्हती.

दस्त आधीच झाला होता. वकिलांनी तो मोठ्याने वाचला. आईने दोनदा 'म्हणजे?' विचारलं. त्यातल्या दुसऱ्या 'म्हणजे'ला बाबांकडेही उत्तर नव्हतं, त्यांनीही कान पुढे केला. शेवटी कुठल्या पद्धतीवर ठरलं ते इथे सांगत नाही. वाड्यावरच्या तीन माणसांनी सकाळपासून विचारलंय आणि या धाग्याची लिंक कुठे कुठे फिरते ते आता मला माहीत आहे.

फलकावरची आमची नोटीस काढताना शिपायाने टाचणी परत मागून घेतली.


तिसरी_घंटा
गुरुवार, दुपारी २:२५

अभिनंदन!! साक्षीदार कोण?


सुरंगी
गुरुवार, दुपारी २:३१

आई आणि त्याची आत्या. आत्याने सही करण्याआधी चष्मा पुसून सगळं पुन्हा एकदा वाचलं. क्लार्क घड्याळाकडे बघत बसला.


साखळीचे_सर
गुरुवार, दुपारी ३:०२

सुखी राहा दोघं. जेवलात का?


सावंतवाडीचा_तो
गुरुवार, दुपारी ३:०९

हो सर. पातळ भाजी आणि बन्स. बाबांनी बिल दिलं, त्यावरून आता माझ्या आईचं आणि त्यांचं चाललंय.